तंबूतली रात्र आणि चकवा

भयकथा सांगणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात एकच वाडा, एकच कुटुंब आणि एकच शाप वर्षभर पुरवला जातो. झी मराठीवर २०१६ मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही नाईकांच्या वाड्याची मालिका या जातीची. दुसऱ्या प्रकारात दर भागाला, किंवा फार तर दोन-चार भागांना, नवी कथा, नवी पात्रे आणि नवे भूत येते, मागच्या आठवड्यात मेलेल्या माणसाशी पुढच्या आठवड्याचा काही संबंध उरत नाही, आणि सगळ्या भागांना बांधून ठेवणारे असते ते शीर्षक, त्याचे संगीत आणि प्रेक्षकाला घाबरवण्याचा करार. या प्रकाराला इंग्रजीत अँथॉलॉजी म्हणतात; मराठीत त्याला कथासंग्रह-मालिका म्हणता येईल, कारण दिवाळी अंकात एकामागून एक छापलेल्या गूढकथांशी तिचे नाते जवळचे आहे.

अशा मालिकेच्या लेखकापुढची अडचण वेळेची असते. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की जेमतेम वीस-बावीस मिनिटे उरतात आणि तेवढ्यात त्याला माणसे, जागा आणि संकट या तिन्हींची ओळख करून देऊन त्यांचा निकालही लावायचा असतो. म्हणून या मालिका काही ठरावीक जागांकडे पुन्हा पुन्हा वळतात: ओसाड हवेली, रात्रीचा घाट, रुग्णालयाचा रिकामा मजला, बंद पडलेली लिफ्ट, आणि रानात ठोकलेला तंबू. यांतल्या तंबूची सोय सगळ्यांत मोठी आहे. चार-पाच मित्र गाडीतून उतरले, त्यांनी लाकडे गोळा करून शेकोटी पेटवली, एवढे एका दृश्यात दाखवले की ती माणसे एकटी आहेत, परकी आहेत आणि त्यांना या जागेची काही माहिती नाही, हे तिन्ही मुद्दे एकही संवाद खर्च न करता प्रस्थापित होतात. त्यातच तंबूची भिंत कापडाची असते, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येतो पण बाहेरचे काही दिसत नाही. आणि शेकोटीचा उजेड एवढाच पडतो की त्यापलीकडचा अंधार अधिक दाट वाटावा. मोबाइल फोन आल्यापासून लेखकाचे काम थोडे वाढले आहे, कारण ‘रेंज नाही’ हे वाक्य आता कुणाच्या तरी तोंडी घालावेच लागते.

पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवर या प्रसंगाला आणखी एक पदर आहे. तिथे शेकोटी ही भुताच्या गोष्टी सांगण्याचीच परंपरागत जागा असल्याने शिबिरातली भयकथा म्हणजे गोष्टीच्या आत गोष्टीची जागा दाखवणे होय. १९९० मध्ये कॅनडात सुरू झालेल्या ‘आर यू अफ्रेड ऑफ द डार्क?’ या मुलांच्या कथासंग्रह-मालिकेने तर हीच चौकट स्वीकारली होती: दर भागात काही मुले रात्री रानात शेकोटीभोवती जमतात, त्यांतला एक जण आगीत चिमूटभर भुकटी टाकतो, ज्वाळा उसळतात आणि गोष्ट सुरू होते. अमेरिकेत उन्हाळी सुट्टीत मुलांना शिबिराला धाडण्याची रीत इतकी रुळलेली आहे की १९८०च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या चित्रपटाला तळ्याकाठचे शिबिर नुसते दाखवणे पुरले. तिथे काय होते हे प्रेक्षकाला सांगावे लागले नाही.

मराठी प्रेक्षकाच्या मनात मात्र भुताच्या गोष्टीची जागा तंबू नाही. ती माजघर आहे, पावसाळ्यातली ओसरी आहे, पिकाच्या राखणीसाठी शेतात बांधलेला माळा आहे, आणि एका पिढीपुरती बोलायची तर भारनियमनाच्या रात्रीची चाळीतली गॅलरी आहे. तंबूसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही, पण त्या शब्दांमागे हौस क्वचितच आहे. राहुटी आणि छावणी लष्कराची, डेरा सरदाराचा, पाल भटक्या जमातींचे, ज्यांना ते ठोकण्यावाचून दुसरे घर नव्हते. चेंबूरमध्ये तर ‘कॅम्प’ हा शब्द फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीसाठी रूढ झाला आणि पुढे तिथे पक्क्या इमारती उभ्या राहिल्या तरी ‘चेंबूर कॅम्प’ हे नाव टिकले. मौजेसाठी तंबूत राहणे, म्हणजे पवना धरणाच्या काठी शनिवारची रात्र पैसे भरून काढणे, ही त्या मानाने अगदी अलीकडची, शहरी नोकरदारांची चैन आहे.

एका तंबूशी मात्र भयाचे जुने नाते आहे, आणि तो तंबू प्रेक्षकांचा होता. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये ट्रकवर यंत्र लादून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजने अनेक दशके कापडी तंबूत सिनेमे दाखवले, आणि रामसे बंधूंसारख्यांचे भयपट ज्या छोट्या गावांच्या आणि तालुक्यांच्या प्रेक्षकावर चालत, तो प्रेक्षक आणि जत्रेतल्या तंबूचा प्रेक्षक यांत फारसे अंतर नव्हते. मूळच्या कराचीच्या या सिंधी कुटुंबाने १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ काढला, १९८४ मध्ये ‘पुराना मंदिर’ने मोठा धंदा केला, आणि १९९२च्या ऑक्टोबरमध्ये झी टीव्ही ही खासगी उपग्रह वाहिनी सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी ‘झी हॉरर शो’ घेऊन हे कुटुंब थेट घराघरांत शिरले. १९९५ मध्ये सोनी वाहिनीवर बी. पी. सिंग यांची ‘आहट’ आली. मराठीत रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवर ‘गहिरे पाणी’ ही मालिका झाली. मतकरी आणि नारायण धारप या दोघांनी छापील पानावर जे केले होते त्याच्या तुलनेत हिंदी वाहिन्यांवरचे भय बटबटीत होते, हे मान्य करूनही एक गोष्ट नोंदवायला हवी: आठवड्याला एक भाग, तुटपुंजे पैसे आणि मोजके दिवस एवढ्या भांडवलावर रात्रीचे रान उभे करण्याची कसरत या हिंदी मालिकांनी केली, आणि ती कसरत मुंबईला नवी नव्हती.

या कसरतीचा एक जुना आखाडा चेंबूरला होता. वाडिया मूव्हीटोनमधून बाहेर पडून होमी वाडिया यांनी १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स ही संस्था काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला बसंत स्टुडिओ उभारला. तो १९८१ पर्यंत चालला. बसंत उभा राहिला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, राज कपूर यांनी त्याच उपनगरात आर. के. फिल्म्सची स्थापना केली आणि आर. के. स्टुडिओ हे चेंबूरचे नाव देशभर गाजवणारे ठिकाण झाले. पण रानाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो बसंत. पौराणिक चित्रपट, ‘अलीबाबा’ आणि ‘हातिमताई’सारख्या जादूच्या कथा आणि १९५८चा ‘झिंबो’, म्हणजे टारझनचा मुंबईकर भाऊ, असा त्या संस्थेचा माल होता. वाडियांच्या पदरी बाबूभाई मिस्त्री हे चमत्कारदृश्यांचे कारागीर होते, ज्यांनी १९३७च्या ‘ख्वाब की दुनिया’ या अदृश्य माणसाच्या चित्रपटात काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून दाखवल्या आणि त्यामुळे चित्रसृष्टीत ‘काला धागा’ हे नाव मिळवले. पडद्यावरचे भूत पुढची कित्येक वर्षे याच दोऱ्याला लटकत राहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

स्टुडिओच्या मजल्यावर रान कसे उभे राहते हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण तंबूच्या भागाचे सगळे गुणदोष तिथेच ठरतात. जमिनीवर माती आणि पालापाचोळा पसरतात, तोडून आणलेल्या फांद्या आणि बनावट खोडे रोवतात, मागे रंगवलेला पडदा ताणतात. दिव्यांच्या उष्णतेने खऱ्या फांद्यांची पाने दुसऱ्या दिवशी माना टाकतात, म्हणून त्या बदलाव्या लागतात. मग धूर सोडतात; पूर्वी लोबानाचा, आता यंत्राचा. प्रेक्षकाला वाटते की धुके वातावरणनिर्मितीसाठी आहे, प्रत्यक्षात त्याचे पहिले काम स्टुडिओची भिंत लपवणे हे असते. त्या धुरातून मागच्या बाजूने निळसर दिवा मारला की खोडांच्या कडा उजळतात आणि मधली पोकळी खोल भासते. पडद्यावरचे चांदणे निळे असते ते या सोयीमुळे, खऱ्या चांदण्यात माणसाच्या डोळ्याला रंग जवळपास दिसतच नाहीत. बाहेर जाऊन चित्रण करायचे तर दिवसाच्या उजेडात कॅमेऱ्याची झडप कमी उघडून आणि निळी काच लावून रात्र बनवण्याची युक्ती आहे, तिला तंत्रज्ञ ‘डे फॉर नाइट’ म्हणतात. तीत आकाश दिसू द्यायचे नसते आणि शेकोटी पेटवली तरी ती फिकी पडते, म्हणून तंबूच्या भागांना ती फारशी मानवत नाही. १९७७ मध्ये गोरेगावला चित्रनगरी झाल्यावर खरी झाडे आवाक्यात आली, मात्र ती राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्याने मालिकांच्या सेटवर बिबट्या फिरकल्याच्या बातम्याही अधूनमधून येत राहिल्या. भयमालिकेच्या सेटवर सगळ्यांत खरे भय कॅमेऱ्याच्या मागून येते, हा त्यातला विनोद.

तंबूच्या भागाचे हमखास दृश्य म्हणजे कापडावर पडलेली सावली. आत कंदील, बाहेर काही तरी. किंवा बाहेर शेकोटी आणि तिच्यासमोरून सरकणारी आकृती. हे दृश्य परदेशी चित्रपटांतून आले असे समजले जाते, पण कापडामागे दिवा ठेवून सावलीतून कथा सांगण्याची कला सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. तिथे सावली रामाची किंवा रावणाची असते, प्रेक्षक पडद्याच्या समोर बसतात. तंबूच्या भागात प्रेक्षक पडद्याच्या आत बसलेला असतो, एवढाच फरक, आणि भय नेमके त्या फरकातून जन्मते.

आता प्रश्न येतो तो त्या सावलीच्या हक्काचा. तंबूबाहेर जे उभे आहे ते आगंतुक आहे की तंबूच आगंतुक आहे? २०२१ मध्ये आलेल्या ‘अमेरिकन हॉरर स्टोरीज’ या कथासंग्रह-मालिकेत ‘फेरल’ नावाचा एक भाग आहे. एक जोडपे लहान मुलाला घेऊन कॅलिफोर्नियातल्या एका राष्ट्रीय उद्यानात तंबू टाकायला जाते, मूल नाहीसे होते, आणि दहा वर्षांनी त्याचा माग लागतो तेव्हा कळते की रानात रानटी झालेल्या माणसांचे कळप राहतात, आणि राष्ट्रीय उद्याने काढण्यामागचा सरकारचा खरा हेतू या माणसांना कुंपणात ठेवण्याचा होता. आईबाप मुलापर्यंत पोचतात, पण तो आता त्या कळपाचा झालेला असतो. कल्पना जोरकस आहे. मात्र तिच्या मुळाशी रान म्हणजे माणसाने सोडून दिलेली जागा, हे गृहीत आहे. तिथे जे राहते ते माणूस असूच शकत नाही.

हे गृहीत मुंबईला लागू पडत नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवली, मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये पसरलेले आहे, आणि त्यात आणि त्याच्या कडेला वारल्यांचे पाडे आहेत. वारली लोक वाघोबाला देव मानतात. रानाच्या आणि वस्तीच्या सांध्यावर त्याचे ठाणे असते, त्याला ठरलेल्या दिवशी नैवेद्य देतात, आणि बिबट्याच्या वाटेत आपण आहोत हे त्यात मान्य केलेले असते. मराठी लोककल्पनेतली बहुतेक भुते याच स्वभावाची, म्हणजे पत्ता असलेली आहेत. मुंजा पिंपळावर राहतो, आसरा पाणवठ्यावर, वेताळ गावाच्या वेशीवर, कोकणातला राखणदार आपापल्या हद्दीत. ती हद्द ओलांडायची तर आधी नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे, म्हणजे त्या जागेच्या मालकाला उद्देशून आपण कोण, कशासाठी आलो आणि किती वेळ थांबणार हे मोठ्याने सांगायचे, असा रिवाज आहे. गाडीतून उतरून थेट खुंट्या ठोकणारे मित्र हा रिवाज मोडतात. त्यामुळे मराठी मातीत तंबूची कथा रचली तर ती हल्ल्याची न होता परवानगी न घेतल्याची कथा होते.

या विचाराचे सर्वांत ठळक, आणि कुठल्याही मालिकेपेक्षा चमत्कारिक, उदाहरण मालवण तालुक्यात आहे. आचरा, चिंदर यांसारख्या काही गावांत ठरावीक वर्षांच्या अंतराने गावपळण पाळली जाते: ग्रामदेवतेचा कौल, म्हणजे देवाकडून मिळालेला होकार, घेऊन सगळा गाव गुरे-कोंबड्यांसकट वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या तात्पुरत्या झोपड्या बांधून राहतो. त्या काळात गाव भुताखेतांच्या वा देवाच्या स्वाधीन असतो अशी श्रद्धा आहे. वेशीबाहेर मात्र भीतीचा मागमूस नसतो. भजने होतात, पत्ते रंगतात, एकत्र रांधले जाते आणि मुंबईचे चाकरमानीही त्यासाठी रजा काढून येतात. पुन्हा कौल लागला की लोक घरी परततात. इथे तंबूची कथा पुरती उलटी झालेली आहे. अमेरिकन भागात माणसे घर सोडून भुताच्या रानात जातात. गावपळणीत भुतांना घर मोकळे करून देण्यासाठी माणसे रानात जातात, आणि तंबूतली जागाच तेवढी सुरक्षित उरते.

भुतांच्या या पत्तेदार समाजात एक अपवाद आहे, आणि तंबूच्या भागासाठी त्याच्याइतका योग्य नायक दुसरा नाही. तो म्हणजे चकवा. चकव्याला रूप नाही, आवाज नाही, सूड नाही, मागणे नाही. तो फक्त वाट चुकवतो: रात्री रानातून चाललेला माणूस तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच झाडाशी, त्याच दगडाशी येऊन पोचतो. त्यावरचा जुना इलाज असा की जागच्या जागी बसावे आणि उजाडेपर्यंत हलू नये. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ‘चकवा लागला’ हा वाक्प्रचार आजही विनोदाने का होईना वापरावा लागतो.

वाट चुकून पुन्हा त्याच जागी येण्याला प्रयोगाचा आधार आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना मोठ्या सपाट जंगलात आणि सहारा वाळवंटात एकाच दिशेने सरळ चालायला सांगून उपग्रहयंत्रणेने त्यांचा माग ठेवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तेव्हा ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ झाकलेले असताना जंगलात ते वर्तुळात फिरले आणि स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली तरी त्यांच्या ते ध्यानात आले नाही. डोळे बांधून मोकळ्या मैदानात चालवले तेव्हा तर काहींची वर्तुळे २० मीटरपेक्षा कमी व्यासाची होती. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो म्हणून असे होते हा लोकप्रिय समज मात्र टिकला नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता; सरळ म्हणजे कुठे, याचा मेंदूतला अंदाजच बाहेरच्या खुणेवाचून हळूहळू ढळत जातो, असा निष्कर्ष निघाला. ढगाळ रात्री दाट झाडीत चालणाऱ्या गुराख्याला जे ठाऊक होते, त्याची ही मोजदाद आहे.

आणि येथे भयकथेचे शास्त्र स्टुडिओच्या अर्थशास्त्राला येऊन मिळते. स्टुडिओतल्या रानाचा सर्वांत मोठा दोष असा की ते लहान असते. पात्रे पळू लागली की तेच खोड तिसऱ्यांदा मागून जाते आणि चाणाक्ष प्रेक्षक हसतो. हॉरर मालिकांवर झालेल्या विनोदांपैकी बरेच याच एका झाडावरचे आहेत. पण चकव्याच्या कथेत तेच झाड पुन्हा दिसणे हा दोष राहत नाही, तीच कथा होते. एक मोकळी जागा, एक तंबू, एक शेकोटी आणि धुरामागे दडलेल्या चार भिंती एवढ्यात संपूर्ण भाग उभा राहतो, बाहेरचे एक दिवसाचेही चित्रण लागत नाही, आणि काळ्या दोऱ्याचीही गरज उरत नाही. बसंत स्टुडिओच्या ‘झिंबो’ला जे रान अपुरे पडले असेल, ते चकव्याला पुरून उरले असते. आता चेंबूरमध्ये त्यासाठी मजला मिळणे कठीण आहे: १६ सप्टेंबर २०१७ रोजी आर. के. स्टुडिओला आग लागली, आणि २०१९ मध्ये ती सव्वादोन एकरांच्या आसपासची जागा गोदरेज प्रॉपर्टीज या बांधकाम कंपनीने घेतल्याचे जाहीर झाले.

मजला मात्र कुठलाही चालेल. कथासंग्रह-मालिका लिहिणाऱ्या नव्या मराठी लेखकांनी एकदा तरी हा भाग लिहावा. त्यात पांढरी साडी नको, किंकाळी नको, हवेलीही नको. चार मित्र रात्री वाट शोधत निघावेत, दर वेळी आपल्याच तंबूशी परत यावेत, आणि तिसऱ्या फेरीला विझत आलेल्या शेकोटीभोवती पाच जण टेकलेले दिसावेत. पाचव्याचा चेहरा दाखवू नये.